काकाची बोटं कुणी मोडली

काकाच्या उजव्या हाताची बोटं वाकत नाहीत, हे कानडी मुलखातल्या आमच्या सगळ्या अग्रहाराला, म्हणजे वस्तीला, ठाऊक होतं. ती शत्रूनं मोडली, हेही सगळे छातीठोकपणे सांगत. विठ्ठल मंदिरात आमच्या शिंपी समाजानं शाल घालून त्याचा सत्कार केला तो त्यासाठीच. मला तेव्हापासून त्या शालीची चीड आहे.

कारण काका शत्रूच्या कैदेतून धडधाकट परतला होता. मोडला तो आपल्याच छावणीत. तिकडे काय फोडलंस, कुणाला फितूर झालास, म्हणत आपल्याच अधिकाऱ्यांनी त्याला झोपू दिलं नाही, मनगटं बांधून टांगलं, आणि शेवटी बोटं दाराच्या फटीत धरून दार लोटलं. मग काही सापडलं नाही म्हणून घरी पाठवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर कुणाला खंतही नाही.

पुढे काही वकील अशा सुटून आलेल्या सैनिकांच्या जबान्या गोळा करू लागले. काका सांगणार तो घरच्या मराठीतच, आणि ती वकिलांना येत नव्हती, म्हणून लिहून घ्यायला मी बसले. मी शाळेत शिकवत होते. दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर कागद पसरला होता. वडील मशीन थांबवून उठले. पोलिसांच्या वर्द्या आमच्याच दुकानात शिवल्या जात.

"शत्रून केलं म्हणून लिव," ते मला म्हणाले. "सुम्ने, उगीच कशाला सरकारच्या अंगावर जायाचं?" मग सख्ख्या धाकट्या भावापुढे त्यांनी हात जोडले. दुकान बुडेल, पोरीचं लग्न व्हायचंय, म्हणाले. ती पोरगी मीच. माझ्या लग्नापायी खोटं लिहायचं, ऐकून माझं डोकं फिरलं.

काका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ असताना आमच्यात खोटं बोलत नाहीत. डाव्या हातानं माळ डोक्यावरून काढून त्यानं टेबलावर ठेवली.

"आयतु, बरं," तो म्हणाला. "लिव, शत्रून केलं."

वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या श्वासाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी लिहिलं, बोटं आपल्या सरकारच्या माणसांनी मोडली. कागद काकापुढे सरकवला. त्यानं तो शेवटपर्यंत वाचला, माळ उचलून गळ्यात घातली आणि मग डाव्या हातानं सही केली.