गुबगुब्याला लावलेली खळ

कुंभारीच्या ज्ञानबांनी जन्मभर घोंगडी विणली, पण नाव झालं ते एका लोकरीच्या बेडकामुळे. दलदलीत राहणाऱ्या चमत्कारिक प्राण्यांची मुलांसाठी एक मालिका निघाली होती. ते प्राणी खऱ्या लोकरीचे हवेत म्हणून प्रियंका नावाची पोरगी शहरातल्या सात रस्त्याच्या ऑफिसातून त्यांना शोधत आली. ज्ञानबांनी नऊ प्राणी करून दिले. त्यातला ढेरपोट्या बेडूक गुबगुब्या टीव्हीवर चिखलात लोळायला लागला आणि घोंगड्याकडे ढुंकूनही न बघणारं गाव ज्ञानबांना चहाला बोलवू लागलं.

वर्षभरात मालिका बंद पडली. हे सांभाळा, पुन्हा सुरू झाली तर हेच लागतील, असं सांगून प्रियंका गेली. चार वर्षं ज्ञानबांनी ते ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून जपले. दरम्यान माग मोडीत गेला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आशा मेली तेवढी शाबूत राहिली.

मागच्या आठवड्यात प्रियंकाचा फोन आला. मालिका पुन्हा सुरू होतेय, सोमवारी प्राणी न्यायला येते, डागडुजीला तुम्हीच लागाल. ज्ञानबांनी ट्रंक उघडली तर सगळे ढिले पडलेले. विणकराचा हात ढिली लोकर बघून गप्प बसतो होय? घोंगड्याला ताठपणा यावा म्हणून लावतात तशी चिंचोक्यांची दाट खळ त्यांनी शिजवली, कुंच्यानं सगळ्यांना चोपडली आणि ओसरीवर वाळत ठेवली. बायको केराबाई म्हणाली, आत घ्या. ओलं कोंबलं तर बुरशी धरेल, ज्ञानबा म्हणाले.

खळीवर उंदीर तुटून पडतात, हे घोंगडीवाल्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आनंदात म्हाताऱ्याला नेमकं तेवढंच आठवलं नाही. सकाळी गुबगुब्याचं पोट फाटलेलं होतं. नऊच्या नऊ कुरतडलेले. नवे करायला ना माग, ना नजर.

प्रियंका आली, हळहळली. आता प्राणी कंप्युटरवरच करू, उंदरांपुढे तुम्ही तरी काय करणार, म्हणाली. गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण ज्ञानबांना ते सोसेना.

"उंदरांचा दोष न्हाय, बाई. खळ मीच लावली."

"खळ म्हणजे काय, मामा?"

चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं विचारलं होतं. ज्ञानबा सांगू लागले, आधी चिंचोके भाजायचे, मग फोलं काढायची. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोलत बोलतच ती गाडीत बसली, काचेतून हात केला. ज्ञानबांच्या सांगण्यातले चिंचोके अजून भिजतही पडले नव्हते.