पॉवरफुलचा उलटा शब्द

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना उलट्या शब्दांचं भारी वेड. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि सावली गावच्या शाळेत पाचवीपासून इंग्रजी सुरू व्हायचं. धड वाक्य जुळवता येत नव्हतं, तरी आम्ही ‘बिग-स्मॉल’, ‘हॉट-कोल्ड’ घोकत घरी जायचो. अर्ध्या पोरांना हे सगळं कशाला, हेच कळत नव्हतं. मलाही कळत होतं असं नाही, पण माझं गिऱ्हाईक घरी वाट पाहत असायचं.

ते गिऱ्हाईक म्हणजे माझे बाबा. वैनगंगेच्या घाटावर त्यांचा डोंगा, म्हणजे लाकडी नाव, चालायचा. स्वतः शाळेची पायरी चढले नव्हते, म्हणूनच की काय, भावकीनं नाकं मुरडली तरी पोरीला शिकवत होते. शेवटची खेप टाकून आले की डोंग्याच्या काठावर बसायचे आणि विचारायचे, "आज कोनता उलटला?" मी शब्दाचा अर्थ सांगायचा, त्यांनी मराठीत त्याचा उलटा ओळखायचा, आणि मग माझ्या तोंडून इंग्रजी ऐकून खुदकन हसायचं. माझ्या लहानपणीचं सुख विचाराल तर ते एवढंच.

घाटावर बाबांचंच चालायचं. पाण्याच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड होता. नदी त्या शेंदराला लागली की बाबा डोंगा रेटायचा लांब बांबू काठाच्या चिखलात उभा गाडायचे. बांबू गाडला की खेप बंद. तो उपटायचा हक्क गाडणाऱ्याचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, अशी आमच्या ढिवरांची, म्हणजे नावाड्यांची, रीत. आजोबा भर पुरात उतारूंसकट बुडाले होते, तेव्हापासून बाबा ही रीत फारच कडक पाळायचे. एकदा जीपमधून आलेल्या साहेबालाही त्यांनी काठावर बसवून ठेवलं. साहेब चिडला, ओरडला आणि शेवटी मोहाच्या झाडाखाली पथारी टाकून घोरायला लागला. ही गोष्ट आमच्या घरी दर सणावाराला निघायची.

म्हणून ‘पॉवरफुल’ शिकले त्या दिवशी मी धावतच घाट गाठला.

"पॉवरफुल म्हनजे तुमी, बाबा. ज्याचं चालते तो."

"अन् उलटा?"

"लय हायेत. वीक, फीबल, हेल्पलेस, पॉवरलेस."

"एकाले एवढे उलटे?" बाबा हसले. "बरोबर हाये. चालनाऱ्याहून न चालनारेच जास्त असतीन."

त्याच पावसाळ्यात, नदी शेंदरावर असताना, जंगलातल्या एका आदिवासी गावाहून एक माणूस आपल्या बायकोला खाटेवर घालून घेऊन आला. ती बाळंतपणात अडली होती, आणि दवाखाना नदीपलीकडे. खाट वाहणारे सोबती बाजूला झाले, आणि तो बाबांपुढे हात जोडून उभा राहिला. बाबांनी गाडलेल्या बांबूकडे बोट दाखवलं. "पानी उतरू दे, भाऊ. आता गेलो तर सगळेच बुडून मरू."

तो परत खाटेपाशी गेला. माझी माय त्या बाईजवळ बसून राहिली, तिला घोट घोट गरम पाणी पाजलं, तळपाय चोळले. पाणी काही उतरलं नाही. दुपार कलताना ती घाटावरच गेली, पोटातल्या बाळासकट. सोबत्यांनी खाट उचलली आणि आल्या वाटेनं परत गेले. गावातले सगळे बाबांना म्हणाले, तुम्ही काय करणार, नदीपुढं कुणाचं चालतं? मलाही तेच बरोबर वाटलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.

पुढच्या साली माझी मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली. तिला आम्ही बाई म्हणायचो. धानाची रोवणी आटोपली होती, नदी पुन्हा शेंदरावर होती आणि बांबू गाडलेला होता. पहाटेपासून बाईला कळा सुरू झाल्या. दिवस चांगला वर आला तरी सुटका होईना, तेव्हा सुईणीनं मायला बाजूला नेऊन सांगितलं, "माह्यानं नाई होत आता. हिले पलीकडं न्या."

आम्ही बाईला खाटेवर घालून घाटावर आणलं. बाजाराला निघालेली माणसं तिथे खोळंबून बसली होती. त्यांच्यात तो होता, गेल्या साली बायकोला खाटेवर आणलेला. टोपलीत वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, घेऊन विकायला आला होता. बाबांनी त्याला पाहिलं.

माय बाबांच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. "काढा ना तो बांबू! काऊन उभे आहा?" बाबा बांबूपाशी गेले, हातही लावला, पण उपटेनात. भरलेला डोंगा एकट्यानं लोटणारा माणूस, आणि तो नुसता बांबू धरून उभा. मला त्यांचा राग आला. इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आलेला नाही.

मग तो माणूस टोपली ठेवून उठला. पुढे आला, आणि ज्याला कुणी हात लावू नये तो बांबू त्यानं दोन्ही हातांनी हिसका देऊन उपटला. बांबू बाबांच्या हातात देत तो म्हणाला, "तुही पोरगी हाये. चाल. मी येतो संगं."

ती खेप मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. बाईचं डोकं मायच्या मांडीवर, तिचे पाय मी धरलेले. पाणी गढूळ, मधूनच एखादा ओंडका अंगावर यायचा. बांबू तळाला लागेना तेव्हा दोघांनी वल्ही घेतली आणि एकमेकांकडे न बघता मारत राहिले. डोंगा पार खाली वाहवत गेला आणि कुणाच्या तरी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, जाऊन रुतला. पण पोचलो. दिवस मावळायच्या आत बाई दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

बाबा दवाखान्याच्या ओट्यावर भिंतीला टेकून रडत होते. मला वाटलं, आनंदानं. मी जवळ बसले तर म्हणाले, "पोचलो ना आपन? म्हनजे तेव्हाई पोचलो असतो."

मग त्यांनी विचारलं, "ज्याच्या हातात काईच नाई, त्याले काय म्हनते तुहा मास्तर?"

"पॉवरलेस."

"अन् ज्याच्या हातात होतं अन् त्यानं केलं नाई, त्याले?"

तो शब्द मला येत नव्हता. शाळेत गेल्यावर मास्तरांना विचारला. त्यांनी जाडी डिक्शनरी काढली, बराच वेळ चाळली, आणि म्हणाले, "पाहून सांगतो." पुढे मीही जन्मभर इंग्रजी शिकवलं. अजून पाहतेच आहे.

त्यानंतर बाबांनी मला दुसरा कोणताच शब्द विचारला नाही. संध्याकाळी एवढंच, "सांगतला का मास्तरनं?" मी नाही म्हणायची आणि ते दोर गुंडाळायला लागायचे. नातीला मांडीवर घ्यायचे, तिच्या तोंडाकडे बघायचे आणि लगेच मायकडे देऊन टाकायचे. त्यांचं ते खुदकन हसणं गेलं ते गेलंच. मला फार वाईट वाटायचं. अजून वाटतं.

हिवाळ्यात नदी उतरली. एका बाजाराच्या दिवशी मी शाळेतून घाटावर आले तेव्हा तो माणूस डोंग्यात बसलेला होता. बाबांनी त्याच्यादेखत मला विचारलं, "सांगतला का?" मी नाही म्हणून मान हलवली.

"कोनता शब्द?" त्यानं विचारलं.

बाबांनी त्याला सांगितलं. खाली बघत, अडखळत, पण सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग रिकामी टोपली पायाशी ओढून म्हणाला, "आमच्या बोलीतई नाई तसा शब्द. लोट डोंगा."

बाबांनी डोंगा लोटला.