अव्वाची लाकडाची भिंत

खोली दाखवायला म्हणून घरमालकीण नीलव्वांनी दार उघडलं आणि मला आधी दिसली ती लाकडं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले आम्ही कारकून खोलीसाठी वणवण फिरत होतो. इथे खोली होती, पण तिची मागची भिंतच दिसत नव्हती. जमिनीपासून आढ्यापर्यंत बाभळीची फोडलेली लाकडं रचलेली. ओसरीवर आणखी, अंगणात आणखी. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेली ती ठेंगणी बाई म्हणाली, "काय बघायलाव सायब? भिंतच हाय आसं समजा. तिला हात लावायचा न्हाई, येवढं सोडून घर तुमचंच हाय."

माझ्या बायकोने, सुमनने, भीत भीत विचारलं, "यात विंचू नसेल ना?"

"हाय की. पर वळखीचा हाय."

सगळी गल्ली नीलव्वांना अव्वा म्हणे. गाडी आली की ती दोन लाकडं कानाशी एकमेकांवर आपटून बघायची. खणखणीत वाजली तरच घरात, नाहीतर अंगणात उन्हाला. चुकून महादेवाच्या बेलाचं लाकूड निघालं तर गाडीवाल्याची खैर नसे. तिचा मुलगा बसवराज डाळमिलमध्ये कामाला होता. तो गॅस घेऊ म्हणाला की अव्वाला नेमकं ऐकू यायचं बंद होई. एकदा शेजारच्या भाडेकरूने चेष्टा केली, "अव्वा, तुमच्यात तर जाळत नाहीत, माती देतात. मग एवढं सरपण कुणासाठी?" तीही हसली. "मला येक काडी लागायची न्हाई बाबा. हे माज्यासाठी न्हाईच." कुणासाठी, ते मात्र तिने सांगितलं नाही.

मग सुमन दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. डॉक्टरांनी बजावून घरी पाठवलं, रात्रंदिवस ऊब हवी. आणि नेमकी पावसाची झड लागली. ओसरीवरचं आणि अंगणातलं सरपण भिजून गेलं, वखारीतलंही ओलं, रॉकेल कुठे मिळेना. बाजेखालची शेगडी विझत आली. मी पोरीच्या पावलांना हात लावला, ती गार होती. घाबरून मी अव्वाला हाक मारली.

अव्वा आत आली. भिंतीसमोर जराशी थांबली आणि वरचं लाकूड तिने ओढलं. मी पुढे झालो तर म्हणाली, "तुमी न्हाई. मी काढते."

शेगडी फुलली. पण झड काही थांबेना. गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन दाराशी येऊ लागल्या. अव्वाने कुणालाच परत पाठवलं नाही. भिंत खाली येत गेली, तसा तिचा चेहराही उतरत गेला. लाकूड काढलं की ती फटीतून पलीकडे डोकावायची. मी म्हणालो, "अव्वा, मी सगळं भरून देईन."

"लाकडाचं काय घिऊन बसलाव," ती म्हणाली.

एका दुपारी लाकडांमागून चाडं दिसलं, बी सोडायचा तो लाकडी वाडगा. त्याच्यामागे फणं, दांड्या, तेल पाजलेलं खोड. पेरणीची अख्खी तिफण सुटी करून भिंतीला टेकवलेली होती, एकदाही न वापरलेली. अव्वा खालीच बसली.

"दुष्काळात रेशनची लाल मिलो जवारी मिळायची," ती सांगू लागली. "पर जनावरं इकली, गवऱ्या कुठल्या? तुरी उगवल्या न्हाईत, तुराट्या कुठल्या? दाणे हाईत आन् चूल गार. मी घरची तिफण फोडली सायब, ह्या हातानं. लेकरं जेवली. मग पाऊस आला. समद्यांच्या तिफणी निघाल्या आन् आमचे मालक बांधावर नुसते हुबे."

त्यानंतर रान अर्ध्या वाट्यावर, बटईने, दुसऱ्याकडे गेलं. नवरा लातूरला येऊन मिलमध्ये पोती वाहू लागला. अव्वाने पै-पै जोडून नवी तिफण घडवून घेतली, पण तो त्या तिफणीकडे बघायलाही तयार नव्हता. तसाच तो वारला.

"तवापसून हिच्याम्होरं लाकडं रचते. चुलीनं आधी ही लाकडं खावी, हिच्यापतुर येऊ नये."

आता तिफणीपुढे जेमतेम कवळाभर लाकडं उरली होती. अव्वा म्हणाली, "लागली तर हिला बी फोडू. आधी पोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. पोर भुकेने टाहो फोडून रडली आणि सुमन हसायला लागली. मी अंगणात जाऊन नुसता उभा राहिलो. आयुष्यात एवढं हायसं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

अव्वाने तिफण उन्हात आणून पुसली. मिलमधून आलेला बसवराज तिफणीभोवती फिरला. लाकडांमागे ती जपून ठेवलीय हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला, "आई, रान परत घिऊ का?"

अव्वा आता नाही. तिच्या मातीला खरोखरच एक काडी लागली नाही. तिची आठवण आली की मला औशाकडचं त्यांनी परत घेतलेलं रान दिसतं. पुढच्या पेरणीला तिने आम्हालाही नेलं होतं. तिफणीमागे पदर खोचून ती उभी राहिली, चाड्यावर मूठ धरली आणि थांबली. सुमनला जवळ बोलावून तिने आमच्या लेकीची इवली मूठ बियाण्यात बुडवली.

"पयली मूठ हिची," अव्वा म्हणाली. "हिच्यापायीच तिफण भाईर निगाली."