रामरावांच्या पावलाखालचं लॉन

कारंजातलं कापडाचं दुकान मुलाकडे, मयंककडे सोपवल्यापासून कैलासचंद शेटजींचा सगळा जीव दारासमोरच्या लॉनमध्ये अडकला होता. त्या लॉनवर त्यांनी कधी पाय मात्र ठेवला नव्हता. हिरव्या गवतावर पाय द्यायचा नाही, हे त्यांच्या जैन घरात लहानपणापासून अंगात मुरलेलं.

नळ चार-पाच दिवसांनी यायचा आणि शेटजी सगळी टाकी गवतावर ओतायचे. शेवटी त्यांच्या पत्नीने, पानाबाईंनी बजावलं, की पुन्हा टाकी कोरडी पडली तर लॉन उपटून फरशी बसवणार.

मयंकने फोनवर उपाय सांगितला. गवतावर पाय देऊन पाहायचं. ते लगेच उभं राहिलं तर पाणी नको, दबून राहिलं तर द्यायचं. पण पाय द्यायचा कोणी? दुसऱ्याला सांगितलं तरी पाप आपल्याच माथी, असं पानाबाईंनी आधीच ऐकवलं. शेटजी हाडाचे व्यापारी. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. फक्त सकाळच्या चहाची खुर्ची फाटकाजवळून उचलून, कडेकडेने जात, लॉनच्या पलीकडे घराच्या दाराशी नेऊन ठेवली.

चहाला रोज येत ते शेजारचे रामराव, मूळचे धनजचे शेतकरी आणि देहाने चांगले भरभक्कम. ते आपणहून लॉन तुडवत खुर्ची गाठत. मागे गवत जे लोळण घेई, ते दुपारपर्यंत उठत नसे. तहानलंय बिचारं, असं म्हणून शेटजी रोज नळी सोडत. मुळाशी चिखल झाला, गवत पिवळं पडलं, टाकी तळाला गेली. पानाबाई फरशीचा भाव विचारून आल्या.

मग एका सकाळी रामरावांच्या पत्नी, काडीसारख्या मनकर्णाबाई, नवऱ्याला बोलवायला त्याच वाटेने आल्या. त्यांच्या मागे गवत टुणकन उभं राहिलं. शेटजी बघतच राहिले. गवताला तहान लागलेली नव्हतीच, दोष सगळा रामरावांच्या वजनाचा होता.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा फाटकाजवळ आली. रामराव थबकले.

"काहून शेटजी, मले आता आत घेत नाही का?" असं म्हणून ते चहा न घेताच परत गेले.

शेटजींना फार वाईट वाटलं. दुकान सुटल्यापासून त्यांच्याशी रोज बोलणारा बाहेरचा हा एकच माणूस उरला होता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी खुर्ची मुकाट्याने पलीकडे ठेवली आणि स्वतः जाऊन रामरावांचा रुसवा काढून आणला. रामरावांनी ऐटीत लॉन तुडवलं. शेटजींनी त्या पावलांकडे पाहिलंच नाही. मागून मनकर्णाबाई नवऱ्याला बोलवायला येत, तेव्हा मात्र ते डोळे बारीक करून बघत. त्यांच्या पावलांमागे गवत उठलं नाही, तरच नळी सोडत.

टाकी नळ येईपर्यंत पुरू लागली, गवत सावरलं, पानाबाई फरशीचं नाव काढेनात. पण रामराव पडले शेतकरी. एकदा त्यांनी मागे वळून पाहिलंच.

"शेटजी, गवत तर लोळून राह्यलं. पानी काहून देत नाही?"

"लोळून नाही राह्यलं, रामराव," शेटजी म्हणाले. "तुमाले नमस्कार करून राह्यलं."

रामरावांनी बशी खाली ठेवली आणि गवताला हात जोडले.