मुन्सफांनी पाहिलेली गाडवाट

आमच्या गावात आबांच्या वाटेत कोणी उभं राहत नसे. आबा म्हणजे माझे वडील, गावचे पाटील. ते निघाले की समोरून येणाऱ्या बाया डोक्यावरच्या भाऱ्यासकट वाट सोडून ढेकळांत उतरायच्या आणि पदर ओढून पाठमोऱ्या थांबायच्या. वयानं मोठ्या बायासुद्धा. लहानपणी मला वाटायचं, वाटा आबांच्याच असतात, बाकीचे त्या वापरून घेतात.

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले, तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा आणि आम्हांला न्याय हवा असला तर घाट चढून बुलढाणा गाठावं लागायचं. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही तोच आई कानाशी लागली, "काकूनं आबावर दावा लावला."

काकू म्हणजे आबांच्या थोरल्या चुलतभावाची विधवा. मूलबाळ नाही. कापसाचं एक वावर, एवढाच तिचा आधार. त्या वावराची गाडवाट आमच्या वावरातून जायची. आबांना तिचं वावर हवं होतं आणि ती विकत नव्हती. म्हणून आबांनी वाटेवर बाभळीच्या काट्या लावल्या आणि कोर्टात सांगितलं की इथून गाडवाट कधी नव्हतीच. नाल्याकडून एक पाऊलवाट होती, पण तिथल्या गाळातून भरली गाडी निघणं शक्य नव्हतं. इकडे कापूस वेचून तिच्या घरात छतापर्यंत साठला होता. तो खामगावच्या बाजारात गेला नाही, तर तिला वावर विकावंच लागणार होतं. आबा त्याचीच वाट पाहत होते. माझेच वडील, पण खरं ते खरं.

मग निरोप आला की दाव्याचा निवाडा करणारे मुन्सफ साहेब स्वतः जागा पाहायला येणार.

आमच्या घराचा एक रिवाज होता. मोठा पाहुणा यायचा तर त्याची वाट आधी झाडून, सडा घालून ठेवायची. आबांनी गडी बोलावले. "साहेब का नाल्याच्या गाऱ्यातून येईन? गावाची इज्जत जाईन न! काढा त्या काट्या." गड्यांनी काट्या काढल्या, पाला झाडला, पाणी शिंपडलं. जी वाट नव्हतीच म्हणून आबा कोर्टात बोलले होते, ती त्यांनी स्वतःच्या हुकमानं लख्ख करून ठेवली. मुरमात गाड्यांच्या चाकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेल्या दोन्ही चाकोऱ्या उघड्या पडल्या. मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. मोठेपणाच्या भरात माणूस काय करून बसतो! पण आबांना सांगणार कोण?

मुन्सफ आले. आई आणि मी बांधावर उभ्या होतो. मी कोणी धिप्पाड माणूस येईल असं धरून चालले होते. हे तर किरकोळ अंगाचे, हातात छत्री, मला आधी कारकूनच वाटले. आबांनी वाटेच्या तोंडाशी लिंबाखाली खुर्ची टाकली होती. गड्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"नको," ते म्हणाले. "दावा माझ्यापुढं आहे. इथलं पाणी मला घेता येणार नाही."

आबांचा चेहरा तांबडा झाला. आमच्याकडे पुढं केलेलं पाणी नाकारणं म्हणजे वैरच. तेवढ्यात काकू ताकाचा लोटा घेऊन पुढं आली. मुन्सफांनी तिलाही हात जोडले आणि टांग्याला टांगलेल्या आपल्या छागळीतलं पाणी प्यायले. पाटलाचं पाणी आणि विधवेचं ताक एकाच मापानं परत करणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

दोन्हीकडचे वकील बोलत होते. मुन्सफ उन्हात वाटेवर उकिडवे बसले आणि छत्रीचं टोक चाकोरीत ठेवलं. "पाटील, हे कशानं झालं?"

आबांनी चाकोरीकडे पाहिलं, मग काकूकडे. "गाड्यानं," ते म्हणाले.

"कोणाच्या गाड्यांनी?"

आबांनी पटका सारखा केला.

मुन्सफ उठले. "निकाल कोर्टात होईल. तोवर वाट आज आहे तशीच राहील. कोणी हात लावायचा नाही." आवाज जरासुद्धा चढला नाही. टांगा सडकेला लागला आणि दिसेनासा झाला.

दिवस कलला तसे गडी काट्या घेऊन आले. "पाटील, लावू का?"

"साहेब सांगून गेला न," आबा म्हणाले.

"साहेब त गेले. आता कोण पाह्यते?"

खरंच, कोणी नव्हतं. शिपाई नव्हता, कागदही अजून आला नव्हता. हवेत सोडलेलं एक वाक्य होतं, आणि समोर ज्यांनी कधी कोणाचं ऐकलं नाही असे आबा.

आबांनी चाकोरीत पाय टेकवून पाहिला. मग म्हणाले, "आपल्या गाड्या सडकेले कुठून जातात बे? दुसऱ्याच्याच वावरातून न? त्यानं उद्या काट्या लावल्या त मी कोणाकडं जाऊ? याच साहेबाकडं न? नेऊन टाका त्या काट्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूची गाडी आली. वर कापूस रचलेला, पुढं काकू पायी. वाटेच्या तोंडाशी आबा उभे होते. सवयीनं काकूनं पदर ओढला आणि बैलांना थांबवून ती ढेकळांत उतरू लागली.

"माह्यासाठी काऊन उतरता, वहिनी?" आबा म्हणाले. "गाडी जाऊ द्या."

आणि वाट सोडून आबा ढेकळांत उतरले. गाडी पुढं निघून जाईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.