मिरची हातात देऊ नये

लवंगीमामींनी कधी कुणाच्या हातात मिरची दिली नाही. आयुष्यात एकदाच दिली, आणि त्या एका वेळेचं त्या मरेपर्यंत फेडत राहिल्या.

मी लग्न होऊन भांडुपच्या त्या एकमजली चाळीत आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. फोडणी टाकली आणि लक्षात आलं की घरात मिरची नाही. शेजारच्या दारात एक किरकोळ बाई बसल्या होत्या, पुढ्यात मिरच्यांची झाडं. मी तळवा पुढे करून दोन मिरच्या मागितल्या. त्यांनी खुडल्या, माझ्या तळव्याकडे पाहिलं आणि मिरच्या माझ्या पायाशी फरशीवर ठेवल्या. माझा पारा चढला. भिकारणीलासुद्धा कुणी असं वाढत नाही. मी तशीच वळले, तर मागून आवाज आला, "रागावू नको गो बाय. मिरची हाताक दिली काय झगडो ठेवलेलो. भुंयेर ठेवलेत, आता उचल." आमच्या नगरकडे मिठाचं असं पाळतात, हातात दिलं की भांडण होतं म्हणून. मिरचीचं मी नव्यानेच ऐकलं. फोडणी तर करपलीच होती, पण आमचं जमलं ते तिथपासून.

लवंगी हे नाव चाळीने ठेवलेलं. अंगाने लहान, जिभेने जहाल, त्यामुळे दुसरं नाव सुचण्यासारखंच नव्हतं. "लवंगी म्हणा नायतर भोपळी म्हणा, माका काय?" असं म्हणून त्यांनी तेही पचवलं. नवरा गिरणीत होता. मुलगा शाळेत असतानाच तो गेला. मग मामींनी चाळीचे आणि आसपासच्या घरांचे मसाले कांडले आणि मुलाला वाढवलं. तो बाबल्या. मी आले तेव्हा तो विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याच्याविषयी बोलताना मामींची जीभ एकदम मऊ पडायची. इतरांच्या वाट्याला ती मऊ जीभ कधी आली नाही.

रोपांना त्या तरवा म्हणायच्या. झाडावरच वाळलेल्या तांबड्या मिरचीचं बी राखेत चोळायचं, फुटक्या पाटीत पेरायचं आणि बोटं बुडवून पाणी शिंपडायचं. पाच-सहा पानं फुटली की एकेक रोप डालडाच्या डब्यात. तेही दिवस कलल्यावरच. "उनातान हलयलेलो तरवो जीव धरणा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बांगडे धुतलेलं पाणी झाडांना जायचं, मग गॅलरीभर वास आणि जगातली सगळी मांजरं आमच्या दारात. कुणी कुरकुर केली की मामी वाटीत सुकटीची चटणी घेऊन हजर, आणि ती खाऊन पुन्हा कुरकुर करायची सोय उरत नसे. समोर नवी इमारत उभी राहिल्यापासून गॅलरीत ऊन पट्ट्यापट्ट्याने येई. मामी उन्हामागे डबे सरकवत जायच्या, सकाळी स्वतःच्या दाराशी, दुपारी माझ्या. डबे माझ्या उंबऱ्याशी आले की मी कुकर लावायची.

बाबल्याचं लग्न झालं आणि वर्षभरात त्याला विक्रोळीच्या कामगार वसाहतीत जागा मिळाली. सामान हललं ते भर दुपारी. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, सून आत बसली होती, बाबल्या दोरी आवळत होता. मामींनी त्याच्यासाठी सगळ्यांत चांगलं रोप काढून ठेवलं होतं, कळ्या धरलेलं. ते वरच राहिलं. मामी डबा छातीशी धरून धावत जिना उतरल्या आणि सुरू झालेल्या टेम्पोत, त्याच्या हातात, थेट हातात दिला. त्यानेही घेतला. टेम्पो वळला तेव्हा मामी आपल्या रिकाम्या हातांकडे बघत उभ्या होत्या. "दिलंय गो," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या मुलाचं घर बघायला गेल्या आणि संध्याकाळच्या आत परत आल्या. पाय न धुताच माझ्याकडे येऊन बसल्या. झालं ते असं. रोप मोरीच्या कठड्यावर सुकलेलं दिसलं. मामी बोलल्या. सून म्हणाली, आई, इथे ऊनच येत नाही. तिचंही खरंच होतं. बाबल्या म्हणाला, आता ती खोली सोड आणि इकडे ये, तुझं काय आहे तिकडे त्या डब्यांशिवाय? मामी म्हणाल्या, तुज्या बापाशीची खोली हा ती. तो म्हणाला, मग बस डबे धरून. आणि मामी बोलून गेल्या, "मी मेलंय म्हणान कळला, तरच माज्या दारात ये."

"हाताक दिलंय मी. माका कळाक नको होता?" त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

मी म्हटलं, "मामी, हाताचं काय घेऊन बसलात? जीभ आवरायची होती."

"जिभेचा काय गो, ती सगळ्यांकाच आसा."

मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. आई-मुलाचं भांडण ते किती टिकणार? ते टिकलं. आणि का टिकलं ते मला हळूहळू कळत गेलं. मामींच्या हिशेबी चूक बाबल्याची नव्हती, सुनेची नव्हती, त्यांच्या स्वतःच्या जिभेचीही नव्हती. चूक मिरचीची होती. दोघांपैकी एकाने जरी चूक आपल्या पदरात घेतली असती, तरी कुणीतरी उठून कुणाच्या तरी दारात गेलं असतं. पण मिरचीच्या वतीने माफी कोण मागणार? विक्रोळी म्हणजे काही दुबई नव्हे. मधे एक कांजूर सोडलं की विक्रोळी. तेवढं अंतर त्या दोघांना आयुष्यात कापता आलं नाही.

एकदा आमच्या ह्यांना बाबल्या मुलुंडच्या बाजारात भेटला. त्याने विचारलं, "आईच्या मिरच्या कशा आहेत?" आई कशी आहे, असं नाही विचारलं. ह्यांनी घरी येऊन सांगितलं तर मामींचा चेहरा उजळला. "इचारल्यान ना? इचारल्यान?" तेवढ्यावर त्यांनी ते सगळं वर्ष काढलं. मला मात्र त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला होता.

दरवर्षी तरवा लावताना एक रोप वेगळं निघायचं. "ह्यो बाबल्याचो." तो डबा उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, जमिनीवर. आला की त्याने आपला उचलावा, हातात द्यायची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था. ऊन दाखवायला तेवढा बाहेर जायचा आणि पुन्हा उंबऱ्याशी यायचा. झाडाला फुलं येत, मिरच्या लागत, पिकून तांबड्या होत, झाडावरच वाळत. त्या मिरच्या मामी कुणाला देत नसत. त्यांचंच बी पुढच्या वर्षी पाटीत पडायचं. मला ते पाहवत नसे. एकदा मी चिडून म्हटलं, "कशाला लावता दरवर्षी? येणार नाही तो." मामींनी पाणी शिंपडत म्हटलं, "बियाण मोडूचा नाय."

शेवटच्या वर्षी झाडांवर बोकड्या आला. पानं वळून बकरीच्या कानासारखी झाली. मामींनी आंबट ताक शिंपडलं, राख फासली, एकेक करून झाडं उपटून टाकली. राहिलं ते उंबऱ्याशी असलेलं एक. तेवढ्यात त्यांनीच अंथरूण धरलं. दम लागायचा, डबा उचलवत नसे. ह्यांनी कारखान्यात निरोप ठेवला. निरोप पोचला, असं उत्तर आलं. माणूस आला नाही. मी मामींसमोरच बाबल्याला वाट्टेल ते बोलले. तर त्या माझ्यावरच डाफरल्या, धाप लागत असताना. "त्याका काय बोलतस? मीच सांगितलंय ना, मेल्यार ये म्हणान. आदी कसो येतलो?"

आणि तो खरोखरच मेल्यावर आला. सगळं रीतसर केलं त्याने, पाणी पाजलं, खांदा दिला, रडलाही. दिवसकार्य झाल्यावर खोली बंद करायला एकटा आला. भांडी पोत्यात भरली, बापाचा फोटो पिशवीत घातला. आता त्याला टक्कल पडायला लागलं होतं. बोलायची वेळ आली की खाली बघायचा.

मामी गेल्यापासून उंबऱ्याशी असलेल्या त्या डब्याला मी पाणी घालत होते. दोन मिरच्या धरल्या होत्या. मी तो उचलला आणि त्याच्यापुढे केला. "तुमचा आहे. दरवर्षी तुमच्यासाठी लावायच्या त्या."

त्याने दोन्ही हात झटकन मागे घेतले.

"खाली ठेवा, वहिनी. हातात नको."

म्हणजे यालाही तेच वाटत होतं. इतकी वर्षं, तिकडे बसून, यानेही मिरचीलाच दोष दिला होता. "आता कुणाशी भांडण होणार आहे, भाऊजी?" मी म्हटलं.

मी डबा दाराबाहेर फरशीवर ठेवला. आता उचल, असं सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. त्याने दार ओढलं, कुलूप घातलं, दोनदा हिसडून पाहिलं. मग पोतं खांद्यावर टाकून, डब्याला वळसा घालून, तो जिना उतरून गेला.