मृदुलाच्या केसांचं दीड वर्ष

पार्लर चालवणाऱ्या बाईला गोष्टी शोधत फिरावं लागत नाही. बाई बेसिनमध्ये डोकं टाकून आडवी झाली, डोळ्यांसमोर नुसतं छत आलं, की आपोआप बोलायला लागते! समोर कुणाचं तोंड दिसत नसतं ना. नवऱ्याला न सांगितलेलं, आईला न सांगितलेलं, सगळं त्या छताला सांगते. आणि ऐकते कोण? शाम्पू लावणारी मी. वासण्यातल्या माझ्या दोन खुर्च्यांच्या पार्लरला वीसेक वर्षं झाली, म्हणजे किती ऐकलं असेल विचार करा.

पण आज बाकी कुणाचं काढत नाही. एकटी मृदुला पुरे आहे.

मृदुला गावाच्या दुसऱ्या टोकाला, समाला राहते, एका शाळेत सायन्स शिकवते. सासरचं घराणं जुनं, सासऱ्यांचे वडील संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. हिचे केस मुळात कुरळे, म्हणजे चांगले झिपरे कुरळे. स्थळं बघायला लागले तेव्हा हिची आई हिला माझ्याकडे घेऊन आली आणि केस स्ट्रेट करून घेतले. तो फोटो मुलाकडे गेला, पसंती आली, लग्न झालं. मग काय! दर सात-आठ महिन्यांनी मुळाशी कुरळे डोकावले की बाई समाहून वासण्याला हजर. असं सात-आठ वर्षं चाललं.

* * *

परीक्षा संपलेल्या होत्या, म्हणून एकदा लेकीला बरोबर घेऊन आली. इरा तेव्हा सहा वर्षांची. डोक्यावर नुसता कुरळ्यांचा टोप! स्टुलावर बसून पाय हलवत आमच्याकडे बघत होती. माझ्याकडे छाणीहून हंसा म्हणून एक गुजराती मुलगी येते कामाला, तिने मृदुलाच्या अंगावर कापड बांधलं, वाटीत क्रीम काढलं.

इराने विचारलं, "मावशी, माझे कधी करणार?"

मी म्हटलं, "तुझे कशाला गं? तुझे किती छान आहेत!"

पोरीने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "छान आहेत तर आई तिचे का घालवते?"

हंसाचा ब्रश हवेत. आरशात मृदुलाचा चेहरा असा उतरला, की मीच दुसरीकडे बघायला लागले. दोन मिनिटांनी तिने स्वतःच कापडाची गाठ सोडली.

"सुनंदाताई, राहू द्या. आता नाही करायचे. कधीच नाही."

हंसा वाटी घेऊन उभी. "बेन, आ क्रीमनुं शुं करुं?"

"फेकून दे," मी म्हटलं.

* * *

आता लोकांना वाटतं, क्रीम लावायचं बंद केलं की केस परत कुरळे होतात. अजिबात नाही! एकदा सरळ केलेला केस सरळच राहतो. मुळातून नवा येईल तेवढाच आपला. तो महिन्याला बोटाच्या पेराइतकासुद्धा वाढत नाही. एक तर सगळं कापून मोकळं व्हायचं, नाही तर वाट बघत बसायची आणि खालून थोडं थोडं छाटत राहायचं. बॉयकट घरात चालणार नव्हता. मृदुलाने वाट बघायचं ठरवलं.

ह्यातला मधला काळ फार वाईट. वर कुरळे फुगलेले, खाली सरळ शेपट्या लोंबताहेत. कसेही विंचरा, बाई आजारातून उठल्यासारखीच दिसते.

चार महिने झाले आणि तिच्या सासूबाईंचा मला फोन. काकू एकदम शांत बोलतात, आवाज चढवणं त्यांच्या घराण्यात नाही.

"सुनंदा, तुझं पार्लर चालू आहे ना गं?"

"हो काकू. का?"

"काही नाही. आमच्या सूनबाईंकडे बघून वाटलं, बंद पडलं."

आणि फोन ठेवून दिला!

* * *

शाळेत तर निराळंच झालं. मृदुलाबरोबर जागृतीबेन म्हणून एक गुजराती शिक्षिका आहेत, गणिताच्या. त्या हिच्याशी एकाएकी फार प्रेमाने वागायला लागल्या. हिच्या वह्यांचा गठ्ठा स्वतः उचलायच्या, हिचा तास स्वतः घ्यायच्या. एक दिवस हिला स्टाफरूमच्या कोपऱ्यात नेलं, हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "मृदुलाबेन, तमे कोईने कहेता नथी, पण मने खबर छे. हिंमत राखजो."

हिला कळेना, आपण कुणाला काय सांगत नाही आणि ह्यांना कसली खबर! मग उलगडलं. विरळ शेपट्या, मध्येच नवे आलेले कुरळे, रोज रुमाल बांधून येणं. त्यांना वाटलं, हिला कॅन्सर झालाय आणि औषधांनी केस गेलेत!

हिने घाईघाईने सगळं समजावून सांगितलं. जागृतीबेननी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. कारण त्यांनी बाधा घेतली होती. आपण नवस बोलतो तो काम झाल्यावर फेडतो. हे लोक बाधा घेतात तेव्हा काहीतरी आवडीचं आधीच सोडून बसतात. मृदुलाबेनचे केस पूर्ण परत येईपर्यंत चहा बंद, असं त्या बाईने माताजीपुढे बोलून ठेवलं होतं. आणि बाई कोण? दिवसाला सहा कप चहा पिणारी!

मृदुला म्हणाली, "अहो पण मला काही झालंच नाहीये! सोडून द्या ती बाधा."

"एम ना चाले," जागृतीबेन म्हणाल्या. "माताजीला मी आजाराचं कुठे बोलले? मी केसांचं बोलले."

त्या दिवसापासून मृदुलाच्या केसांची काळजी मृदुलापेक्षा जागृतीबेनना जास्त! सोमवारी सकाळी प्रार्थना संपली की आधी हिच्या भांगात वाकून बघायच्या. मृदुला बेसिनमध्ये पडून मला हे सांगताना आधी हसली आणि मग रडली. म्हणाली, "ताई, माझ्या घरात मला कुणी विचारत नाही, केस किती वाढले. ती बाई विचारते."

* * *

थंडीत तिच्या दिराचं लग्न निघालं. मृदुला एकटीच आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "करून टाका स्ट्रेट."

मी म्हटलं, "अगं, निम्मी वाट चालून आलीस!"

"सासूबाई म्हणतात, एवढ्या लग्नापुरते कर. फोटो जन्मभर राहतात." आणि मग म्हणाली, "मला थकायला झालंय ताई. इराला तरी कुठे फरक पडलाय? रोज पाण्याने केस चेपून शाळेत जाते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

मी धंदा करायला बसले आहे, गिऱ्हाइकाला नको म्हणणं मला परवडत नाही. म्हटलं, ठीक आहे, करू, पण आधी धुवावे तर लागतील. बेसिनमध्ये आडवी झाली आणि छताकडे बघून बोलायला लागली. लहानपणी शाळेची वेळ झाली की आई तिला पुढ्यात घेऊन कंगव्याने केस ओढायची, आणि दर ओढीला म्हणायची, हे कुणाच्या नशिबी जाणार! हिला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय, म्हणून आपल्याला असे केस आलेत. म्हणाली, "मी इराला असं कधी एका शब्दाने बोलले नाही हो. मग तिला कुठून कळलं?"

मी टॉवेलने पाणी टिपलं आणि तिला सांगितलं, बस जरा, क्रीम आणते. आणलं नाही! मुद्दाम आत चहा करत बसले. बाहेर येते तो निम्मे केस आपले आपण वाळून वर वळलेले, आणि ही आरशात एक बट बोटाला गुंडाळून सोडत होती. परत गुंडाळत होती, परत सोडत होती.

"ताई," म्हणाली, "अंबाडा घालता येईल का ह्यांचा?"

घातला. शेपट्या आत दाबल्या, कुरळे कानाशी मोकळे ठेवले, वर मोगऱ्याची वेणी. काकूंनी मांडवात बघितलं आणि म्हणाल्या, "हं. हे चालेल."

त्यांच्या तोंडून म्हणजे फारच झालं!

* * *

पण त्याच मांडवात एका आत्याबाईंनी इराची हनुवटी धरून म्हटलं, "बाकी सगळ्या पोरींचे केस बघ कसे रेशमासारखे! तुझंच हे काय गं घरटं?" त्या बोलून जेवायला निघून गेल्या. इराने मनात ठेवलं.

चार दिवसांनी दुपारी मृदुला शाळेत, काकू आत पडलेल्या. इस्त्रीवर कपडे चालले होते आणि कामवाली बाई मध्येच फोन घ्यायला गॅलरीत गेली होती. इराने इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकलं, केस पसरले आणि वरून इस्त्री फिरवली.

काकू जळक्या वासाने उठल्या. देवाची कृपा, कानाच्या पाळीवर एक फोड आला, तेवढ्यावर निभावलं. डोळ्याला लागलं असतं तर?

जळलेले केस कापायला तिला माझ्याकडे घेऊन आल्या, दोघी. मृदुलाचे डोळे सुजलेले. काकू कोपऱ्यात बसलेल्या, हातात इराची पाण्याची बाटली. कात्री लावली तेव्हा इरा मला म्हणाली, "मावशी, आईला रागावू नका हं. मीच केलं."

मला रडू आलं. उघड सांगते, मी कात्री खाली ठेवली आणि आत जाऊन तोंड धुऊन आले.

परत आले तेव्हा काकू उठून मृदुलाच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. तिच्या शेपट्या हातात घेऊन बघत होत्या. मला म्हणाल्या, "हिचे पूर्ण यायला अजून किती दिवस लागतील गं?"

"सहा-सात महिने तरी."

"इतके? लवकर यायला काही क्रीम नाही का?"

"काकू," मी म्हटलं, "सरळ करायला क्रीम आहे. परत आणायला नाही."

काकूंनी मान हलवली. मग पर्समधून कंगवा काढला, इराला मांडीवर घेतलं आणि तिचे उरलेले केस अगदी हळू, एकेक बट सोडवत विंचरत बसल्या. माझ्या पार्लरमध्ये!

* * *

पुढच्या वर्षी श्रावणात शेवटच्या शेपट्या कापल्या. जागृतीबेन शाळेतून थेट आल्या होत्या. एकेक शेपटी खाली पडत होती आणि त्या हंसाला राहिलेल्यांचा हिशेब विचारत होत्या, "हवे केटली बाकी?" शेवटची पडली तशी मी म्हटलं, "झालं!" तर म्हणाल्या, "एक मिनिट." चष्मा लावला, मृदुलाच्या मानेमागे वाकून स्वतः तपासलं. एकही सरळ केस सापडला नाही तेव्हा हंसाने आलं घालून केलेला चहा हातात घेतला. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो.

इरा मात्र दारात उभी. मृदुला तिच्याकडे वळली, खाली वाकली, म्हणाली, "बघ तरी. हात लाव."

इराने एक बोट लावलं. बोट मागे घेतलं. "घरी जाऊया," म्हणाली.

जाताना मृदुलाचा चेहरा बघवत नव्हता. दीड वर्ष जिच्यासाठी केलं, ती एका बोटात आटोपली.

* * *

मग नवरात्र आली. नवरात्रात आमच्या धंद्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. वर्षभर सरळ करून घेणाऱ्या बायका गरब्यासाठी कुरळे करायला रांग लावतात, काय सांगायचं! एके दिवशी समातल्याच एका ग्राउंडवर मुलींचे केस करायला मी आणि हंसा गेलो होतो. संध्याकाळी आधी लहान मुलांचा राउंड असतो. मृदुला इराला घेऊन आली, स्वतः गरब्याची लाल चणियाचोळी घातलेली, घामाने जीव नकोसा झाला म्हणून केस वर गोळा करून मोठा क्लिप लावलेला. इरा मुलांच्या घोळक्यात शिरली.

राउंड संपला, मुलं बाहेर आली, इरा नाही. मृदुला आधी चालत शोधत होती, मग पळत. मी मागे. ज्याला त्याला विचारतोय, निळी चणियाचोळी, सात वर्षांची. गेटवरचा माणूस म्हणाला, "बेन, अहीं तो बधी ब्लू ज छे!" खरंच होतं. शेकडो पोरी, सगळ्या निळ्या, चकचकीत, सगळ्या सारख्या. तेवढ्यात मोठ्यांचा राउंड सुरू व्हायचा म्हणून लोक आत लोटायला लागले. मृदुलाने माझं मनगट धरलं, ते असं की बांगडी रुतली.

ढोल थांबले. माईकवर कुणीतरी म्हणालं, "एक बेबी स्टेज पासे छे. नाम इरा. मम्मीए शुं पहेर्युं छे ए एने याद नथी."

मग माईक खरखरला आणि इराचा आवाज आला, अख्ख्या ग्राउंडभर.

"आई, मी इथे आहे. मला तुझी चोळी आठवत नाहीये. काका विचारत होते तू कशी दिसतेस. मी त्यांना सांगितलंय, माझ्यासारखेच केस जिचे असतील ना, तीच माझी आई."

मृदुलाने डोक्यातला क्लिप उपसून माझ्या हातात दिला आणि मोकळ्या केसांनी स्टेजकडे पळत सुटली.